कावळा का शिवला?

दहाव्याला सगळ्यात जड जाते ती पिंड ठेवल्यानंतरची वेळ. मंत्र संपलेले असतात, गुरुजी बाजूला झालेले असतात आणि वीस-पंचवीस माणसं हात जोडून कावळ्याची वाट बघत उभी असतात. काकांच्या दहाव्याला आम्ही रामकुंडाच्या काठी असेच उभे होतो. गंगेवर कावळ्यांना तोटा नाही. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) कठड्यावर, तारांवर, छपरांवर कावळेच कावळे. पण खाली एक उतरेना.

मग सुरू झालं ते तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. थोरला चुलतभाऊ पुढे होऊन म्हणाला, "अण्णा, बागेचं कर्ज आम्ही फेडू. काळजी करू नका." कावळे हलले नाहीत. कुणीतरी नातीच्या शिक्षणाचं बोललं. तरी काही नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात धाकटा रडवेल्या आवाजात म्हणाला, "आईला एकटं ठेवणार नाही. मी नेतो तिला." आम्ही सगळे दोन पावलं मागे सरलो. एक कावळा आला आणि पिंडाला चोच मारून गेला.

आत्यानं पदर डोळ्याला लावला. "बघा, जीव तिच्यातच अडकला होता."

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला गप्प बसवलं नाही. "आजी, आपण मागे सरलो म्हणून आला तो."

गाडी द्वारका चौकात पोचेपर्यंत दोघांचं पुरतं वाजलं होतं. आत्या म्हणाली, तुझ्या विज्ञानाला माणूस कळत नाही. भाचा म्हणाला, तुम्हाला माणूस सोडून कावळा कळतो. मी गाडी चालवत होतो म्हणून वाचलो.

अशी भांडणं घरोघरी होतात. ग्रहणात गरोदर बाईनं भाजी चिरावी का, नवसानं नोकरी लागते का, श्रावणात अंडं का चालत नाही, डोळे दान केले तर पुढच्या जन्मी आंधळे जन्मतो का. दोन्ही बाजूंची माणसं शहाणी असतात आणि तरी तासाभरानं सगळे तिथंच असतात, फक्त आवाज चढलेले. माझ्या मते याचं कारण कुणाचा अडाणीपणा नाही. एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न गुंडाळलेले असतात. आत्या एकाचं उत्तर देत असते, भाचा दुसऱ्याचं, आणि तिसरा प्रश्न गाडीच्या डिकीत तसाच पडून राहतो.

पहिला प्रश्न: काय घडलं आणि कशामुळे? दुसरा: या घडण्याला आमच्या लेखी अर्थ काय? तिसरा: आता आम्ही काय करायचं? पहिला तपासून सुटतो, दुसरा समजून घ्यावा लागतो, तिसरा ठरवावा लागतो. ठरवल्यावर त्याची जबाबदारीही घ्यावी लागते. कावळ्यावरच हे सोडवून बघू.

फांदी तुटायला

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ" ही म्हण आत्याच दिवसातून दोनदा वापरते. संस्कृतात त्याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा ताडावर बसला, त्याच क्षणी ताडफळ पडलं. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. गंमत म्हणजे म्हणीतला कावळा आपल्याला लगेच कळतो, पिंडाजवळचा कळत नाही.

दहाव्याच्या प्रसंगात आणखी एक बारीक सापळा आहे. घरात हरवलेली किल्ली नेहमी आपण शोधतो त्या शेवटच्या जागीच सापडते, कारण सापडल्यावर शोधणं थांबतं. तसंच इथं. कावळा शिवला की वचनं देणं थांबतं, त्यामुळे त्याआधी जे वचन दिलं गेलं तेच "खरं" ठरतं. धाकट्यानं आधी आईचं बोलून घेतलं असतं आणि थोरला शेवटी कर्जाचं बोलला असता, तर आत्या म्हणाली असती, "बागेतच जीव होता रे त्याचा." आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली असती, कारण तेही पटण्यासारखंच होतं.

मग भाच्याचं म्हणणं खरं का? त्यानंही तपासलं नव्हतं. कावळा हुशार आणि सावध पक्षी आहे, नवीन वस्तूला आणि जवळ उभ्या असलेल्या माणसांना बिचकतो, हे खरं. पण त्या दिवशी, त्या कावळ्याचं कारण तेच होतं हे त्यानं गाडीत बसून ठरवलं. तपासायचं असेल तर काय करावं लागेल? बरेच दहावे बघून माणसं किती लांब होती, किती वाजले होते, वचन दिलं का, कावळा किती वेळानं आला, हे सगळं लिहून ठेवावं लागेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जिथं कुणी गेलेलंच नाही अशा ठिकाणी नुसता भाताचा गोळा ठेवून, कुणी काही न बोलता, तेवढीच वाट बघावी लागेल. तिथंही कावळा तितक्याच वेळात आला, तर वचनाचा संबंध जोडायला आधार राहत नाही. विज्ञानातली सगळ्यात मोठी युक्ती हीच. घडलं ते मोजायचंच, पण ते कारण नसताना काय घडतं तेही मोजायचं.

नवसाचंही तसंच. गंगापूर रोडकडच्या नवश्या गणपतीला पेढे घेऊन जाणारा माणूस आपल्याला दिसतो. नवस बोलला आणि काम झालं नाही, तो पेढे वाटत हिंडत नाही. नवस न बोलता ज्याचं काम झालं, तोही मोजला जात नाही. नवस बोलला नाही आणि कामही झालं नाही, त्याची तर कुणी चौकशीही करत नाही. चार खणांचं कपाट आहे आणि आपण एकच खण उघडून बघतो.

अस्थी

भांडणाचा दुसरा अंक आधीच, सावडण्याच्या वेळी झाला होता. रामकुंडाजवळच्या अस्थिविलय तीर्थात हाडं विरघळतात ही श्रद्धा फार जुनी आहे आणि त्यासाठी देशभरातून लोक नाशकात येतात. आत्यानं तिच्या वडिलांच्या वेळचं सांगितलं: सकाळी सोडलेल्या अस्थी संध्याकाळी दिसल्या नाहीत.

इथं शब्द जरा सुटे करावे लागतात. "दिसल्या नाहीत" हे निरीक्षण आहे. "विरघळल्या" हा त्याचा लावलेला अर्थ. न दिसण्याला बाकीची कारणंही असू शकतात: फुटून बारीक होणं, गाळात जाणं, वाहून जाणं.

हाडाच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग खनिज असतो, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. उरलेल्यात बराचसा कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा धागा असतो, त्यानं हाडाला चिवटपणा येतो. चितेत तो धागा जळून जातो आणि मागे राहतं ते पांढरं, तडकलेलं, ठिसूळ खनिज. म्हणून सावडताना अस्थी बोटांत चुरतात. हे खनिज आम्लात विरघळतं. कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवलं की रबरासारखं वाकतं, हा प्रयोग शाळेत अनेकांनी केला असेल (तिथं खनिज जातं आणि धागा उरतो, चितेच्या बरोबर उलट). साध्या पाण्यात मात्र ते इतक्या सावकाश विरघळतं की दिवसभरात फरक डोळ्यांना दिसायचा नाही. तेव्हा ठिसूळ तुकडे फुटून गाळात मिसळणं किंवा प्रवाहाबरोबर पुढे जाणं हेच जास्त संभवतं.

भाचा एवढं बोलून थांबला असता तर बरं झालं असतं. तो पुढे म्हणाला, "म्हणजे हे सगळं खोटं आहे." पहिल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन तो दुसऱ्यात शिरला, तोही चपला न काढता.

दुतोंड्या मारुती

दुसरा प्रश्न नाशकात समजावायला सगळ्यात सोपा आहे, कारण त्याची मूर्तीच घाटावर उभी आहे. दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गावभर एकच विचारणा: पाणी कुठवर आलं? उत्तर फुटांत येत नाही. "गुडघ्याला लागलंय", "कमरेला आलंय", "छातीपर्यंत गेलं". मारुतीच्या छातीला पाणी म्हणजे सराफ बाजारात दुकानदारांची माल उचलायची धावपळ.

तो दगड पूरमापक आहे का देव? असा प्रश्न नाशकात कुणी विचारत नाही. पाणी उतरल्यावर माणसं त्याच दगडाला शेंदूर लावतात. पूर मोजायला त्याच्या देवपणाची गरज पडत नाही आणि पट्टीसारखा वापरला म्हणून देवपणाला धक्काही लागत नाही. दोन उपयोग, दोन भाषा, एकच दगड.

सिंहस्थाचंही असंच आहे. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकला कुंभमेळा. गुरू ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे ११.८६ वर्षं लागतात, म्हणून मेळा साधारण बारा वर्षांनी येतो: २००३, २०१५ आणि आता २०२६-२७. तो नेमका बारा वर्षांचा नसल्यामुळे सात फेऱ्या ८४ ऐवजी ८३ वर्षांत होतात आणि कधीतरी एक वर्ष कमी पडतं. हरिद्वारचा मेळा २०१० नंतर २०२१ मध्ये, म्हणजे अकराव्या वर्षीच भरला तो याचमुळे. हे सगळं गणित आहे, ते नास्तिकालाही तेवढंच मान्य करावं लागेल. गुरू सिंहेत असताना गंगेत बुडी मारल्यानं पाप धुतलं जातं का, हे मात्र कुठल्याही दुर्बिणीतून दिसणार नाही. पाप हा मोजायचा पदार्थ नाही. ज्याला स्नान करून हलकं वाटतं त्याला ते वाटतं. त्याच्याशी "सिद्ध कर" म्हणून भांडणं म्हणजे आईच्या डब्यातल्या पोळीवरच्या तुपाचं बिल मागणं.

पण ही सवलत एका अटीवर आहे. अर्थाच्या भाषेत बोलणाऱ्यानं हळूच पहिल्या प्रश्नाच्या अंगणात यायचं नाही. "स्नान केल्यानं मला शांत वाटलं" इथवर ठीक. "हे पाणी कितीही घाण असलं तरी त्यानं आजार होत नाही" म्हटलं की तुम्ही पाण्याबद्दल दावा केलात. आता पाण्याची तपासणी होणार आणि तिचा निकाल मानावा लागणार. अस्थींचं तेच. "वडील गंगेला मिळाले" या वाक्याला प्रयोगशाळा हात लावू शकत नाही. "हाडं तीन तासांत विरघळली" याला लावू शकते, आणि लावावाच.

काही ठिकाणी तर ही सीमा कायद्यानं आखलेली आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-तंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच हा कायदा वटहुकमाच्या रूपानं आला. देवपूजा, वारी, हरिपाठ यांना तो हातही लावत नाही. लोकांची श्रद्धा आणि लोकांची फसवणूक यांच्यामधून त्यानं रेघ ओढली. ती जागच्या जागी आहे का यावर अजून वाद होतात, आणि व्हायलाही हवेत.

काकूला कुणी विचारलं?

आता डिकीतला प्रश्न.

धाकटा पुण्याला हिंजवडीत असतो. दहाव्यानंतर चौथ्या दिवशी तो निफाडला आला आणि काकूला म्हणाला, "आवर, जाऊ." काकू म्हणाली, "मला बाग सोडून कुठं नेता? तिथं तेराव्या मजल्यावर मी दिवसभर काय करू?" धाकटा गप्प. मग पुन्हा दोन तट. आत्याचं म्हणणं, कावळ्यासमोर दिलेला शब्द आहे, मोडला तर भावाचा आत्मा तळमळेल. भाच्याचं म्हणणं, कावळ्याचा काही संबंध नाही म्हटल्यावर शब्दाचाही नाही.

मला दोघांचंही चुकलंय असं वाटतं, आणि दोघांची चूक एकच आहे. शब्दाचं वजन कावळ्यावर आहे असं दोघांनी धरलं. आत्यानं कावळा खरा म्हणून शब्द खरा ठरवला, भाच्यानं कावळा पोकळ म्हणून शब्द पोकळ ठरवला. वास्तविक धाकट्याचा शब्द बांधतो कारण तो त्यानं शुद्धीवर, चार माणसांत, बापाच्या नावानं दिला. कावळा त्या दिवशी आला नसता तरीही तो तेवढाच बांधला असता.

पण शब्द ज्या माणसाबद्दल आहे त्या माणसाला त्यात आवाज आहे की नाही? घाटावर आम्ही सगळ्यांनी कावळ्याच्या होकाराची वाट पाहिली. काकू दहा पावलांवर उभी होती, तिच्या होकाराची कुणी पाहिली नाही. हा प्रश्न ना कावळ्याच्या वर्तनावरून सुटतो ना पिंडाच्या शास्त्रावरून. इथं विचारावं लागतं: "एकटं ठेवणार नाही" याचा गाभा काय, पुण्याला नेणं की तिला एकटं पडू न देणं? शब्द पाळायचा तो अक्षरानं की आशयानं? तिनं मोकळं केलं तर तो मोकळा होतो का? मला वाटतं होतो, निम्मा. पुण्याला नेण्यातून होतो, विचारपूस करण्यातून होत नाही. तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

"काय आहे" यातून "काय करावं" आपोआप निघत नाही, हे अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनं नेमकं बोट ठेवून दाखवलं. मधे कुठंतरी "आम्हाला हे मोलाचं वाटतं" असं एक वाक्य घालावंच लागतं आणि ते बहुतेक वेळा लपवलेलं असतं. विज्ञानाच्या नावानंही ते लपतं. सोनोग्राफीनं गर्भ मुलीचा आहे असं सांगितलं तर ते सांगणं शास्त्रदृष्ट्या बिनचूक असेल. म्हणून पुढे जे घडायचं ते योग्य ठरलं का? महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये केला आणि १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. यंत्र खरं बोलत होतं. खोट माणसांच्या ठरवण्यात होती.

आणि धर्माच्या नावानंही लपतं. २ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिराचे दरवाजे बंद करून घेतले गेले आणि बाहेर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं प्रवेशासाठी उभी राहिली. नाशकात दादासाहेब गायकवाडांनी तो सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षं चालवला. आतले लोक रूढीचा आणि शास्त्राचा आधार देत होते. त्या वादात विज्ञानाला करायला काही काम नव्हतं, मूर्तीत देव आहे की नाही हा मुद्दाच नव्हता. माणूस म्हणून माझी बरोबरी मान्य आहे का, एवढंच विचारलं जात होतं. उत्तर मिळालं नाही तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, धर्मच सोडण्याची घोषणा झाली. ज्यांना वाटतं की अंधश्रद्धा गेली की अन्यायही जाईल, त्यांनी काळारामाच्या पूर्व दरवाजापाशी दोन मिनिटं उभं राहावं. उलटं वाटणाऱ्यांनीही.

नाशकातल्या तपोवनातल्या झाडांचा वाद ताजा आहे, त्यामुळे थोडक्यात. कुंभात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामासाठी झाडं तोडावीत का? किती झाडं, कुठली, उपटून दुसरीकडे लावली तर जगतात किती, हा पहिला प्रश्न. तपोवन म्हणजे काय आणि झाडांविना ते तपोवन राहतं का, हा दुसरा. यातलं काय आधी ठेवायचं, हा तिसरा. दोन्हीकडचे फलक वाचले तर तिन्हींची खिचडी दिसते.

नासानं सिद्ध केलंय

भाच्याला मी एकदा विचारलं, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे तुला कसं माहीत? तो म्हणाला, पुस्तकात आहे. मग आत्यालाही पुस्तकातूनच माहीत आहे की. तू कुठं मोजायला गेला होतास?

आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासार्ह माणसाचं, आप्ताचं सांगणं. चार्वाकांनी म्हणे फक्त प्रत्यक्षच मानलं, पण तसं जगायचं तर आपली जन्मतारीखही मानता येणार नाही. आपण सगळेच बरंचसं शब्दावर जगतो, विज्ञानवादीसुद्धा. प्रश्न एवढाच की आप्त कुणाला म्हणायचं. माझी कसोटी अशी: ज्याला विचारता येतं "तुला कसं कळलं?" आणि त्या वाटेनं जाऊन जे पुन्हा बघता येतं, आणि चूक निघाल्यावर जो ती मान्य करतो. भूगोलाचं पुस्तक या कसोटीला उतरतं. सकाळी सहा वाजता गुलाबाच्या फुलासकट येणारा "नासानं सिद्ध केलंय" हा व्हॉट्सअ‍ॅप संदेश उतरत नाही, मग तो शंखनादाच्या बाजूनं असो की विरुद्ध. त्यात नासा हा फक्त नवा ऋषी असतो.

त्याच न्यायदर्शनात चर्चेचेही तीन प्रकार आहेत. खरं काय ते कळावं म्हणून दोघे बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी काहीही करून बोलतात तो जल्प. आणि स्वतःची कुठलीच बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडायची, ती वितंडा. मराठीत आज "वाद" म्हणजे भांडण झालंय आणि "वितंडवाद" तेवढा मूळ अर्थाजवळ राहिलाय, यावरून आपण जास्त काय करत आलो ते दिसतंच. जुनी शिस्त अशी होती की स्वतःचं म्हणणं मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा: समोरच्याचं म्हणणं, त्याला पटेल अशा त्याच्याच ताकदीनं. मी हे घरी एकदा करून पाहिलं. आत्याला म्हटलं, तू भाच्याची बाजू मांड. ती फटकन म्हणाली, "त्याला म्हणायचंय की दुःखात माणूस काहीही जोडतो आणि त्याचा कुणीतरी फायदा घेतो." भाचा तिच्याकडे बघतच राहिला, इतकं चांगलं त्याला स्वतःलाही सांगता आलं नव्हतं. त्याची पाळी आली तेव्हा त्याला पाच मिनिटं लागली. शेवटी म्हणाला, "आजीला म्हणायचंय की... कावळ्याच्या निमित्तानं घरातले जे बोलायचं टाळतात ते बोलले जातात." आत्या म्हणाली, "हां, आता बोललास."

नेत्रदानाच्या बाबतीत याचा उपयोग होतो. नेत्रदानात बहुतेक वेळा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, कामी येते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ती काढावी लागते. तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओल्या कापसाचे बोळे ठेवायचे, डोकं थोडं उंच. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. हे झालं पहिल्या प्रश्नाचं उत्तर, ते सरळ सांगावं. पण "पुढच्या जन्मी आंधळी होईन" ही भीती त्यानं जात नाही, कारण पुढचा जन्म तपासता येत नाही आणि "पुढचा जन्म नसतोच" असं म्हटलं की आत्या उठून देवघरात जाते. तिच्या परंपरेत राहून बोललं तर ती बसते. दधीची ऋषींनी देवांसाठी स्वतःची हाडं दिली, ते पुढच्या जन्मी बिनहाडाचे जन्मले असं कुणी सांगितलंय? आत्या यावर हसली. फॉर्म अजून भरलेला नाही. तो तिचा प्रश्न आहे, मी पुन्हा विचारलेलं नाही.

पुढच्या मोठ्या भांडणाची तारीख मात्र आत्ताच ठाऊक आहे. २ ऑगस्ट २०२७, सोमवार, आषाढी अमावास्या. सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान त्याच दिवशी जाहीर झालंय आणि सूर्यग्रहणही त्याच दिवशी. खग्रास दिसणार इजिप्त, सौदी अरेबियाच्या पट्ट्यात, लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त. आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. लाखो माणसं घाटावर आणि प्रत्येक घरात एक तरी भाचा आणि एक आत्या. तेव्हा पहिल्या प्रश्नापुरतं सांगून ठेवतो: ग्रहणात सूर्यातून वेगळी किरणं निघत नाहीत. चंद्र मधे येतो, एवढंच. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर डोळ्याचा पडदा कायमचा भाजू शकतो, म्हणून ग्रहणाचा प्रमाणित चष्मा हवा. काळा एक्स-रे किंवा काजळी लावलेली काच नको. गरोदर बाईनं सुरी धरल्यानं बाळाचा ओठ फाटत नाही. पण घरात सून सात महिन्यांची आहे आणि सासूबाई जिवाच्या आकांतानं म्हणतायत की तासभर पडून राहा, तेव्हा काय करावं, हे सुनेनं ठरवायचं आहे. तिनं तासभर पाय वर करून पुस्तक वाचलं तर विज्ञानाचा पराभव होत नाही. तिला पाणीही पिऊ दिलं नाही तर मात्र मी भाच्याच्या बाजूनं बोलणार, आणि मोठ्यानं.

काकू सध्या निफाडलाच आहे. धाकटा दर शनिवारी येतो. कर्जाचं अजून कुणी बोललेलं नाही.

मागच्या रविवारी भाचा वही घेऊन आला. अस्थींचा निकाल लावायचाच असं त्याच्या डोक्यात बसलंय. भाजलेल्या हाडाचा तुकडा वजन करून जाळीच्या पिशवीत बांधायचा, एक पिशवी रामकुंडात, एक घरी नळाच्या पाण्याच्या बादलीत, दर महिन्याला वजन. हाड बकऱ्याचं.

"रामकुंडात मटणाचं हाड?" आत्या म्हणाली. "हात तर लावून दाखव."

"मग कुणाचं घेऊ?"

आत्यानं जरा वेळ विचार केला. "माझं घे. घाई करू नकोस फक्त."

मग तिनं चष्मा लावून वही जवळ ओढली आणि दोन्ही रकाने वाचले. "आणि हे चुकलंय तुझं. बादलीतलं पाणी उभं राहणार, गंगेचं वाहणार. हाड झिजलं तर ते तीर्थानं की धारेनं, कसं कळायचं? एक पिशवी वर सोमेश्वरला बांध. तीच गंगा, तीच धार, फक्त तीर्थ नाही."

भाच्यानं पट्टी घेतली आणि तिसरा रकाना आखला.